मागचा कार्ब्युरेटर

मिस्त्रीच्या गॅरेजात एक गाडी अशी होती की तिचं काम कधी संपत नसे, आणि ते संपावं अशी घरात कुणाला घाईही नसे. दोन माणसांची, बिनछपराची, बुटकी स्पोर्ट्स कार. पुढचे दिवे बॉनेटमधून वर आलेले, डोळे वटारल्यासारखे. मिस्त्रीच्या बायकोने पहिल्याच दिवशी तिचं नाव बेडकी ठेवलं आणि तेच चिकटलं. लग्न नवं होतं तेव्हा दोघांनी तो सांगाडा टोचन लावून घरी आणला होता. मग पत्रा ठोकला, इंजिन उतरवलं, चढवलं, रंग दिला. एवढं सगळं झालं, पण इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून देणारे तिचे मूळचे दोन कार्ब्युरेटर काही मिळाले नाहीत. आधीच्या कुणा महाभागाने ते काढून टाकून एका मालवाहू टेम्पोचा एकुलता एक कार्ब्युरेटर तिथे ठोकून बसवला होता. त्यावर बेडकी चालायची, पण चढ आला की धापा टाकायची. जोडी मिळाली की हिला डोंगरापलीकडे समुद्रावर न्यायचं, असं नवराबायकोत ठरलेलं होतं.

जोडी मिळाली तेव्हा बायकोला जाऊन वर्ष होत आलं होतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

फोन आला तो भंगारवाल्याचा. त्याला सगळा धंदा गिधाड म्हणून ओळखे, आणि तोही फोनवर स्वतःला तेच म्हणवून घेई. "गिधाड बोलतोय. येऊन जा. तुझी एक वस्तू आहे माझ्याकडे." आवाजात नेहमीची थट्टा नव्हती. मिस्त्री गेला तर गिधाडाने त्याला खुर्ची दिली, हेही नवलच होतं, आणि मागच्या खोलीतून पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी आणून त्याच्यापुढे ठेवलं.

पोतं उलगडताच मिस्त्रीच्या तोंडून शिवी निघाली. आनंदाची. दोन कार्ब्युरेटर, एकाच गाडीवरून उतरवलेले, एकाच दांड्याने जोडलेले.

"वहिनींनी सांगून ठेवले होते," गिधाड म्हणाला. "दवाखान्यात गेल्या त्याच्या थोडं आधी येऊन बघून गेल्या. तुझ्या साठीला द्यायचे होते. हिशोबही त्यांनीच मिटवला. पुढे ते तसं झालं, आणि मला रे फोन करायचा धीरच होईना."

दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडात कापडाचे बोळे होते. आत धूळ जाऊ नये म्हणून तसे कोंबतातच. पुढच्यातला बोळा साधा, तेलकट. मागच्यातला निळ्या चौकड्यांचा होता. तो कपडा मिस्त्रीच्या घरातला होता. बायकोच्या स्वयंपाकाच्या एप्रनचा कोपरा फाटलेला त्याने कितीदा पाहिला होता आणि उंदरांच्या नावावर घातला होता.

"हा बोळा तिने घातला?"

"त्यांनीच. आधी तोंड लावून त्यात गुणगुणल्या. मी म्हटलं, वहिनी, हे काय नवीन? तर म्हणतात, ह्याला माझा सूर आधीच शिकवून ठेवते, म्हणजे ह्यांना सारखं स्वयंपाकघरात हाका मारत यायला नको. आणि लगेच बोळा कोंबला. वर मला दम, हा ह्यांनीच काढायचा म्हणून."

मिस्त्री हसला. मग त्याला हसवेना. तिने त्यात का गुणगुणावं हे गिधाडाला कळलं नसेल, त्याला कळलं होतं.

जोड कार्ब्युरेटरच्या इंजिनाची एक खोड असते. दोघांनी हवा सारखी ओढली पाहिजे. एकाने जास्त ओढली आणि दुसरा मागे राहिला की इंजिन लंगडतं. हवेचा फुस्कार ऐकून ते जुळवतात. बाकीचे मेकॅनिक रबराची एक नळी घेतात. एक टोक कानाला, दुसरं आधी पुढच्याच्या तोंडाशी, मग मागच्याच्या. मिस्त्रीला हे कधी पटलं नाही. नळी इकडून तिकडे नेईपर्यंत कान पहिला आवाज विसरतो, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्याच्याकडे नळ्याही दोन होत्या आणि कानही दोन माणसांचे. पुढच्यावर तो, मागच्यावर बायको. आपापल्या नळीत जो सूर येईल तो दोघांनी ओठ मिटून गुणगुणत धरायचा. सूर वेगळे असले की त्यांच्यामध्ये एक थरथर उठे. मिस्त्री स्क्रू फिरवत राही, थरथर संथ होत जाई, आणि दोन्ही सूर एक झाले की बायको थांबे, मोठ्ठा श्वास घेई आणि म्हणे, "झालं." मग नट आवळायचा. गिऱ्हाइकं तोंडावर रुमाल धरून हसत. हसणारे पुन्हा गाडी घेऊन तिथेच येत.

उठण्याआधी मिस्त्रीने सवयीने पुढच्या कार्ब्युरेटरच्या आतला, हवेबरोबर वरखाली सरकणारा दट्ट्या बोटाने वर उचलून सोडला. टक्कन खाली बसला. चांगल्या कार्ब्युरेटरची तीच खूण. मग मागचा उचलला. तो खाली आला, पण हळूहळू, कुणी रोखलेला श्वास जपून सोडावा तसा, आणि टेकल्याचा आवाजच आला नाही. "तेल घट्ट झालं असेल," मिस्त्री म्हणाला. घरी येऊन उघडलं तर आत तेलाचा थेंब नव्हता.

त्याने तो पुसला, धुतला, पुन्हा जोडला. दट्ट्या तसाच हळू. म्हणाला, बसवल्यावर बघू. पुढचा बोळा त्याने सरळ कचऱ्यात टाकला. निळा बोळा ओढून काढताना आतून फुस्स असा बारीक आवाज झाला, आणि मिस्त्रीच्या हातावर ऊब लागून गेली. भर दुपार होती, पत्र्याचं छप्पर तापलेलं होतं, त्यामुळे त्याने त्याचं फार मनावर घेतलं नाही. बोळा मात्र त्याच्याच्याने टाकवेना. हत्यारांच्या फळीवर ठेवून दिला.

टेम्पोचा कार्ब्युरेटर उतरवायला, सांध्यांत बसवायची नवी गॅस्केटं कापायला, दांडा सरळ करायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी बेडकी सुरू झाली. मागच्याची झडप सुरुवातीला जवळजवळ मिटलेली ठेवायची ही त्याची जुनी रीत. त्याने पुढची नळी कानाला लावली. स्वच्छ, भरघोस फुस्कार. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांच्या सवयीने हातांनी दुसरी नळीही मागच्याच्या तोंडाशी अडकवून ठेवली आहे. तिचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. ते नुसतं लोंबकळताना पाहून त्याला भरून आलं. त्याने ते दुसऱ्या कानाला लावलं.

फुस्काराच्या खाली कुणीतरी गुणगुणत होतं.

मिस्त्री काही भोळा माणूस नव्हता. त्याने इंजिन बंद केलं, सगळे नट आवळले, साबणाचं पाणी लावून गॅस्केट कुठे हवा खातंय का पाहिलं, पुन्हा सुरू केलं. आवाज होताच. गॅस्केट फार तर शिट्टी मारतं, ते गुणगुणत नाही. आणि सुराच्या तळाशी ती बारीकशी खर होती. बायको लहानपणी नाकावर पडली होती, तेव्हापासून तिच्या आवाजात राहिलेली.

"अगं?" तो नळीत म्हणाला. मग स्वतःचाच मूर्खपणा कळून त्याने नळी पुन्हा कानाला लावली. उत्तर नव्हतं. नुसता सूर, एकसारखा. त्याने न ठरवता पुढच्या नळीतला आपला सूर धरला, आणि मध्ये ती जुनी थरथर उठली. मिस्त्रीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. उजवा हात सवयीने स्क्रूवर गेला. मागच्याची झडप उघडू लागली, थरथर संथ झाली, पण तसतसा तिचा आवाज फुस्कारात बुडू लागला. पुरता बुडायच्या आत त्याने हात मागे घेतला आणि स्क्रू उलटा फिरवला. सूर परत आला.

तेवढ्यात त्याला सगळा हिशोब कळून चुकला. जोडी जुळली की ती जाणार. नाही जुळवली तर राहणार. आयुष्यभर एकही काम अर्धवट न सोडलेल्या माणसाने नट तसाच सैल सोडला आणि स्टूल ओढून गाडीपाशी बसला.

मग त्याचा तो नेमच झाला. सकाळी शटर उघडायचं, बेडकी सुरू करायची, नळी कानाला लावायची. गिऱ्हाइकांच्या गाड्या बाहेर उन्हात. शेजारचा चष्मेवाला आवाजावरून कुरकुरला तेव्हा मिस्त्रीने शटर अर्धं खाली ओढून घेतलं, आणि धूर आत कोंडू लागला. डोकं जड व्हायचं. प्लग काजळायचे, तो बदलायचा. मागची झडप आणखी जराशी मिटली की तिचा आवाज जास्त स्पष्ट येतो असं त्याच्या ध्यानात आलं, म्हणून तो रोज केसभर मिटत गेला. सूर मात्र रोज थोडा वर चढत होता, बारीक होत होता, ताणल्यासारखा. ते मिस्त्रीने हवेतल्या गारव्यावर घातलं.

आणखीही एकदोन गोष्टी होत्या, ज्यांच्याकडे त्याने काणाडोळा केला. फळीवरचा निळा बोळा रोज सकाळी ओलसर लागे, रात्रभर कुणी तोंडात धरून ठेवल्यासारखा. आणि एके दुपारी पेट्रोल संपून इंजिन आचके देत बंद पडलं, तेव्हा शेवटच्या क्षणी नळीत सूर तुटला आणि घशात काही अडकावं तसा आवाज आला. तोही अर्धाच. इंजिन उलटं फिरलं असेल, असं स्वतःला समजावून त्याने पेट्रोलचे दोन डबे भरून आणून ठेवले. पुन्हा तसं व्हायला नको.

मुलीला कळवलं गिधाडानेच. मुलगी पोहण्याच्या तलावावर लहान मुलांना शिकवायची, आणि गॅरेजात तिने आईच्या दिवसांपासून पाऊल ठेवलं नव्हतं. कारण होतं. आईचं दुखणं फुप्फुसांचं. शेवटी कित्येक दिवस ती श्वासाच्या यंत्रावर होती, घशात नळी. डॉक्टरांनी हळूच विचारलं, मुलीने त्याहून हळू सांगितलं, "बाबा, आता सोडूया तिला." आणि मिस्त्री म्हणाला होता, "यंत्र चालू आहे तोवर माणूस चालू आहे." त्याने नळी काढू दिली नाही. शेवटी देहानेच काय ते आवरतं घेतलं. तेव्हापासून मुलगी दर रविवारी फोन करायची, औषधं घेतली का विचारायची, आणि दोघंही गप्प झाले की फोन ठेवायची.

ती आली तशी तिने शटर दोन्ही हातांनी वर ढकललं. धूर बाहेर लोटला. "बाबा! जीव द्यायचाय का ह्या धुरात?"

तलावावरून थेट आलेली, केस ओले. मिस्त्री हडकला होता, दाढी वाढलेली. इंजिन बंद न करताच त्याने कानातली नळी काढून तिच्यापुढे धरली. "आधी ऐक. मग काय ते बोल."

तिने नळी घेतली ती त्याची समजूत काढायला म्हणून. कानाला लावली आणि तिचा चेहरा पडला. मिस्त्री श्वास रोखून पाहत होता. हिला काही ऐकूच आलं नाही तर, ही एकच भीती त्याला इतके दिवस होती.

"आई आहे," मुलगी कुजबुजली.

"पटलं ना?" मिस्त्रीला हसू फुटलं. "वेडा नाही झालेलो मी. रोज असते. मी बोलावलं की येते."

मुलगी हसली नाही. नळी कानाला तशीच धरून ती उभी राहिली. उभी राहिली ती बराच वेळ. तिचा एक हात हळूहळू स्वतःच्या छातीवर गेला. दिवसभर तिचं काम एकच असे, कुठलं डोकं पाण्यावर कधी येतंय यावर डोळा ठेवणं.

"बाबा," ती म्हणाली, "ही श्वास कधी घेते?"

"म्हणजे?"

"मी मघापासून वाट बघतेय. एकदाही घेतला नाही तिने. आई अशी कधी गुणगुणायची का? मध्येच थांबायची, हसायची, दम घ्यायची, तुम्हाला झापायची. हे..." तिने नळी कानाशी आणखी दाबली. "हे ती करत नाहीये, बाबा. इंजिन ओढतंय तिच्यातून."

मिस्त्रीने नळी तिच्या हातातून हिसकावून घेतली. ऐकलं. उंच, बारीक, ताणलेला सूर, न तुटणारा. इतके दिवस तो हेच कानात साठवत होता. त्याला तो हळू पडणारा दट्ट्या आठवला, ओला बोळा आठवला, पेट्रोल संपल्यावरचा तो अर्धा आवाज आठवला. आणि हेही आठवलं की मागच्याची हवा रोज केसभर कमी करणारा हात आपलाच होता. तो किल्ली बंद करायला धावला.

मुलीने मनगट धरलं. "असं नको! असं रोज बंद करताच ना तुम्ही? सकाळी ती परत तिथेच असते ना?"

मिस्त्रीने हात खाली घेतला.

"तेव्हाही ती नळी तुम्ही..." एवढं बोलून मुलगी थांबली. पुढचं दोघांनाही पाठ होतं.

इंजिन लंगडत चाललं होतं. बाहेर चष्मेवाला दारात येऊन पाहून गेला. मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. "जुळवलं तर जाईल गं ती."

"हो, बाबा."

"मग मी रोज सकाळी उठून काय करू?"

मुलीने मागची नळी त्याच्या हातून काढून आपल्या कानाला लावली आणि आईच्या जागेवर, मागच्या कार्ब्युरेटरच्या अंगाला, जाऊन उभी राहिली. "मला गाता येत नाही," ती म्हणाली. "मी नुसती धरते. सूर तिचा आहेच."

म्हणजे शेवटचं ऐकणंही आता मिस्त्रीच्या वाट्याला नव्हतं. त्याच्याकडे पुढची नळी होती. त्याने ती लावली. सूर धरायला तोंड मिटलं तर नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा लागला, कापरा, पण लागला. त्याने मागच्याचा स्क्रू उघडायला सुरुवात केली. केसभर. मग आणखी केसभर. जेवढी हवा त्याने इतक्या दिवसांत काढून घेतली होती तेवढी परत देत गेला.

"खाली येतोय," मुलगी म्हणाली. "आवाज खाली येतोय, बाबा. आता तिचा वाटतोय. खर ऐकू येतेय."

मिस्त्रीचे डोळे मिटलेले होते. मागची नळी कानाला नसतानाही त्याला हाडांतून ती थरथर जाणवत होती, आधी भरभर, मग संथ, मग दोन लाटांमध्ये इतकं अंतर की पुढची येते की नाही अशी धास्ती वाटावी. हात थांबवायची त्याला केवढी इच्छा झाली म्हणून सांगावं! त्याने थांबवला नाही. थरथर पुढे आलीच नाही. इंजिन एकदम सरळ, गुळगुळीत चालू लागलं, इतक्या वर्षांत बेडकी कधी चालली नव्हती तसं.

आणि मोठ्ठा श्वास घेतल्याचा आवाज आला. नळीतून नव्हे. गॅरेजात, मागच्या कार्ब्युरेटरच्या अंगाला, छाती भरून घेतलेला.

मिस्त्रीने डोळे उघडून मुलीकडे पाहिलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळे विस्फारलेले. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. आपल्या खांद्याशेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहत होती.

तो थांबून राहिला. पुढचा शब्द यायचा होता, आणि तो आल्याखेरीज त्याने नट कधी आवळला नव्हता. पाना हातात धरून तो तसाच उभा होता. इंजिन चालत होतं. शब्द येईना.

"झालं, बाबा," शेवटी मुलगी म्हणाली.

मिस्त्रीने नट आवळला. नीट, पुरता. मग किल्ली फिरवून बेडकी बंद केली. गॅरेजात इतकी शांतता झाली की रस्त्यावरची पावलं ऐकू आली. फळीवरचा निळा बोळा मुलीने उचलून दाबून पाहिला. तो कोरडा ठणठणीत होता. मिस्त्रीने वाकून मागच्या कार्ब्युरेटरचा दट्ट्या बोटाने उचलला आणि सोडला.

टक्कन खाली बसला.

त्याने तो पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. मग पुढचा. दोघांचा आवाज अगदी सारखा होता.